वकीलपत्र कुणाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकन खासदार आणि पुढे चीनमधला अमेरिकन दूत ॲन्सन बर्लिंगेमवर अर्धं पान वाचून आनंद झाला. पण त्यातलं निम्मं द्वंद्वयुद्धावर, आणि तेही न झालेल्या! १८५६ मध्ये दक्षिणेतला, गुलामगिरीच्या बाजूचा खासदार प्रेस्टन ब्रुक्सने सिनेटमध्ये गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनरला छडीने झोडपलं, बर्लिंगेमने त्याला भर सभागृहात फैलावर घेतलं, ब्रुक्सने आव्हान दिलं. बर्लिंगेमने रायफली निवडल्या, जागा सांगितली नायगाऱ्याची, कॅनडाच्या बाजूची. ब्रुक्स म्हणाला, वाटेत शत्रूचा मुलूख, म्हणजे उत्तरेकडची राज्यं, लागतो. संपलं. गोळी सुटलीच नाही. आपल्या लेखकांनी मात्र धूर काढला.

पुढे १८६१ मध्ये ऑस्ट्रियाने दूत म्हणून नाकारला म्हणून लिंकनने चीनला धाडला, १८६७ मध्ये राजीनामा, लेख समाप्त. अहो, खरी गोष्ट तिथून सुरू होते! राजीनामा देऊन या गृहस्थाने चीनचंच वकीलपत्र घेतलं. दोन चिनी दूतांना बरोबर घेऊन तो आपल्याच सरकारपुढे उभा राहिला आणि २८ जुलै १८६८ला अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री सूअर्डबरोबर बरोबरीच्या नात्याने तह केला. पेशवाईत दूताला वकीलच म्हणत. हा दोन्ही अर्थांनी वकील.

मला हे झोंबलं त्याला कारण आहे. १९८९ साली बांधाच्या दाव्यातला माझा पक्षकार फी बुडवून दुसऱ्या वकिलाकडे गेला. आठवड्याभरात समोरचा हापूसची पेटी घेऊन दारात. "साहेब, आता आमचंच घ्या, तुम्हाला त्यांचं सगळं ठाऊक आहे." उंबऱ्यावरूनच परत पाठवला. पण पेटी जिना चढताना जुन्या पक्षकाराने पाहिली होती, उतरताना नाही. बाररूममध्ये बभ्रा झाला. तो माणूस अजून बाजारात तोंड फिरवतो.

आणि बर्लिंगेमला वॉशिंग्टनमध्ये मेजवान्या! लपवाछपवी नव्हती, दोन्ही सरकारांना ठाऊक होतं, हे मान्य. पण ते जमलं कसं, एवढं तरी लिहायचं होतं. १८७० मध्ये सेंट पीटर्सबर्गला ४९व्या वर्षी गेला, तोही चीनचा दूत म्हणूनच. त्याला अर्धी ओळ मिळाली नाही.

जाता जाता: मथळ्यात बर्लिंगेम, मजकुरात बर्लिंगहॅम, फोटोखाली बर्लिंग्टन. आणि एवढं वाचायला आधी चार पानं फ्लॅटच्या जाहिराती उलटाव्या लागल्या, ते वेगळंच.

आपला,
एक निवृत्त दिवाणी वकील, सातारा