मालक बदलला, मग दिलेला शब्द कोणी पाळायचा?

महोदय,

टेलिफोन कंपन्यांतल्या परदेशी मालकीवरचा कालचा लेख वाचला. भांडवल आले, स्पर्धा वाढली, ग्राहकाचे भले झाले, असे लेखकांचे म्हणणे. कॉलचे दर उतरले हे मलाही मान्य आहे. मालक लंडनचा असो, नॉर्वेचा असो की मुंबईचा, माझी हरकत नाही. पण जुन्या ग्राहकाला दिलेल्या शब्दाचे काय झाले, यावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही.

आईसाठी मी २००६ साली ९९९ रुपये मोजून 'लाइफटाइम' कार्ड घेतले. तेव्हा ही रक्कम थोडी नव्हती. बॅलन्स टाका न टाका, इनकमिंग कायम चालू राहील, असे दुकानदाराने सांगितले आणि पाकिटावरही तसेच छापले होते. आईने ते पाकीट रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवले. तिला स्वतः फोन करायचा नसेच. पुण्याहून मावशीचा, सुरतेहून बहिणीचा यायचा, तेवढ्यासाठीच तो होता. पुढे कंपनीचा मालक बदलला, नाव बदलले, आणि २०१८ च्या अखेरीस मेसेज आला की २८ दिवसांसाठी ३५ रुपयांचे रिचार्ज करा, नाहीतर सेवा बंद. इंग्रजी मेसेज आईला काय कळणार? फोन बंद पडला. मावशी लावत राहिली आणि शेवटी घाबरून तिने शेजाऱ्यांकडे चौकशी केली.

पाकीट घेऊन मी इथल्या, बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने ते उलटसुलट करून पाहिले आणि गुजरातीत म्हणाला, "काका, ए तो जूनी कंपनीनी स्कीम हती." ग्राहकांची डोकी मोजून कंपनीची किंमत ठरवली, तेव्हा आई त्यांत धरली होती. शब्द पाळायची वेळ आली तेव्हा ती जुन्या कंपनीची झाली! आमची कंपनी कोणती ते लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. नॉर्वेच्या टेलिनॉरचे ग्राहक २०१८ मध्ये एअरटेलकडे गेले, म्हणजे परदेशी मालकाकडून देशी मालकाकडे. त्यांना तरी कोणी विचारले होते?

व्होडाफोनने २००७ मध्ये हचिसन या परदेशी कंपनीचा इथल्या 'हच' मोबाइल कंपनीतला ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतला, तोही केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर हातोहात फिरवून. त्यावरच्या करासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत लढाई झाली, २०१२ मध्ये निकाल आपल्या विरोधात गेल्यावर सरकारने मागच्या तारखेपासून कायदाच बदलला आणि २०२१ मध्ये तो मागे घेतला. सरकारच्या महसुलासाठी एवढे होते, मग आमच्या ९९९ रुपयांसाठी कोणी भांडायचे? परदेशी गुंतवणुकीची मर्यादा २००५ मध्ये ४९ वरून ७४ टक्के झाली, २०१३ मध्ये १०० टक्के. मर्यादा वाढवली, हरकत नाही; पण जुन्या योजना तशाच चालवू, अशी लेखी हमी घेतल्याशिवाय कोणत्याही खरेदीला परवानगी मिळू नये, एवढीच माझी मागणी आहे.

नंबर पोर्ट करा, असा सल्ला सगळे देतात. २०११ पासून ती सोय आहे, पण जायचे कुठे? २८ दिवसांचा महिना सगळीकडेच, म्हणजे वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज. २०२२ मध्ये ट्रायने, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, निदान एक प्लान ३० दिवसांचा ठेवा असे बजावले. तो आपणहून दाखवणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही. पाकीट माझ्याकडे आहे, आपला वार्ताहर आला तर दाखवीन.

आणखी एक. ज्या अंकात हा लेख आहे त्याचे पहिले पान मोबाइलच्या जाहिरातीने पूर्ण भरले आहे, आणि वाचकांची पत्रे मात्र दोनावर आणली आहेत. जाहिराती जरूर घ्या, पण आमची जागा कापून नको.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदे