रात्रपाळीतल्या लेकीस

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गणपतीपुळ्याहून काल सुखरूप परत आले. फोनवर "सगळं छान झालं" एवढंच म्हणाले, कारण बाकीचं मला फोनवर बोलता आलं नसतं.

बाबा गेल्यावर एकटीने केलेला हा पहिला प्रवास. आधी एका ठिकाणी फोन केला तर "एकट्या बाईला रूम देत नाही" म्हणून त्यांनी फोनच ठेवला. इतकं लागलं मनाला की जाणंच रद्द करणार होते. दुसऱ्या ठिकाणच्या मुलीने मात्र विचारलं, "जिना चढवेल ना काकू? नाहीतर तळमजल्यावरची ठेवते." तेवढ्या शब्दावर मी रत्नागिरीचं तिकीट काढलं. स्टेशनवरून रिक्षा आरे-वारेच्या रस्त्याने गेली, डावीकडे समुद्र सारखा सोबतीला.

रूम साधीच, पण अभ्रे कडक धुतलेले. साफसफाईच्या मावशींनी गिझर लावून, नळाखाली हात धरून पाणी तापल्याचं दाखवलं. आतली कडी दोनदा लावून दाखवली. "रात्री कुणी ठोठावलं तर आधी खाली फोन करायचा, मगच उघडायचं," म्हणाल्या.

रात्री जेवायला एकटीने बसणं फार जड गेलं. टेबल चार जणांचं. वाढणाऱ्या मुलाने मला भिंतीकडे पाठ येईल अशा खुर्चीवर बसवलं आणि पाणी ओतता ओतता समोरची ताटली, भांडं हळूच उचलून नेलं, माझ्या लक्षात येऊ नये असं. माझ्या लक्षात आलं. आमटी तिखट म्हणून मी अर्धी टाकली, तेही त्याने पाहिलं असणार. दुसऱ्या रात्री न सांगता मऊ भात, मेतकूट, तूप पुढ्यात. "मेनूत नाही काकू, भटारखान्यात सांगून करून घेतला."

सोनू, बारावीनंतर तू हॉटेल मॅनेजमेंटचं नाव काढलंस तेव्हा मी काय म्हणाले होते? "लोकांची उष्टी काढायला शिकणार का?" तू दोन दिवस नीट जेवली नव्हतीस. त्या मुलाचा ताटली उचलणारा हात बघितला आणि ते वाक्य आठवून माझा घास घशात अडकला. चुकले गं मी.

तिथे डोंगरच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला, किलोमीटरभराची. गुडघ्यामुळे मी मध्येच बसले, अंधार पडला. परतले तर फाटकाशी वॉचमन टॉर्च घेऊन उभा. "रिसेप्शनवरून दोनदा विचारलं, काकू आल्या का म्हणून." जाताना मी नुसतं ओझरतं सांगितलं होतं. बाबा गेल्यापासून कुलूप मीच उघडते ना गं.

मालगुंडला केशवसुतांचं घरही पाहिलं, ते भेटल्यावर सांगेन.

निघाले तेव्हा पहाटेचे साडेपाच. काउंटरवर तुझ्याच वयाची मुलगी, केस नीट बांधलेले, डोळे तांबारलेले. रात्री काय खाल्लंस विचारलं तर हसली. "पाहुणे उशिरा आले, मग राहिलंच." पिशवीतल्या दशम्या काढून तिच्या हातात ठेवल्या आणि समोर उभी राहून एक तरी खायला लावली.

तू रात्रपाळीला काय जेवतेस, किती वाजता जेवतेस, ते खरं खरं कळव.

तुझी,
आई