हक्कांचा उपदेश दुसऱ्यालाच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनानिमित्त बड्या देशांच्या सरकारांची निवेदनं दरवर्षी छापून येतात. ती वाचून सोलापूरकराला काय वाटतं, हे कळवावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

मे १९३० मध्ये या शहरावर मार्शल लॉ लादला गेला. गांधीजींना अटक झाल्यावर लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, आणि पुढे तर हातात तिरंगा धरणं किंवा डोक्यावर गांधी टोपी घालणं हाही गुन्हा ठरला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. ज्यांनी फाशी दिलं, तेच सरकार ऑगस्ट १९४१ मध्ये अमेरिकेसोबतच्या अटलांटिक सनदेतून जगाला सांगत होतं की आपलं सरकार निवडण्याचा हक्क सर्व लोकांना आहे. महिनाभरातच पंतप्रधान चर्चिल यांनी पार्लमेंटात खुलासा केला, की यात नाझींच्या टाचेखालच्या युरोपाचा विचार आहे, हिंदुस्थानचा प्रश्न वेगळा! १९४८ साली त्याच ब्रिटनने पॅरिसमध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं आणि चार वर्षांत केनियात ब्रिटिश राजवटीविरुद्धचा माऊ माऊ उठाव चिरडायला छावण्या उघडल्या. तिथल्या छळाबद्दल खेद व्यक्त करून पाच हजारांवर लोकांना भरपाई द्यायला २०१३ उजाडलं. तोवर किती जण हे जग सोडून गेले असतील!

आजही चाल तीच. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पुतीन यांच्यावर वॉरंट काढलं, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन यांना ते रास्त वाटलं. त्याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलच्या नेतान्याहूंवर वॉरंट काढलं, तर ते संतापजनक ठरलं. पुढच्या अध्यक्षांनी न्यायालयावरच निर्बंध घातले. स्वतः अमेरिका या न्यायालयाची सदस्य नाही, आणि खटल्याविना माणसं डांबणारा तिचा ग्वांतानामोचा तुरुंग २००२ पासून आहे तो आहेच. चीनही याला अपवाद नाही. तिथल्या शिनजियांगमधल्या उइगुर मुस्लिमांबाबतच्या अहवालावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत नुसती चर्चा व्हावी, हा प्रस्ताव ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. ११ देश तटस्थ राहिले. त्यांत भारत होता.

इथे मला आपल्या घराकडे वळावंसं वाटतं. १९४८ च्या जाहीरनाम्याला भारतानेही मत दिलं होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांचा तर मसुद्यातच मोलाचा वाटा होता. त्या काळात आपल्या सोलापुरात काय होतं? सेटलमेंट. १८७१ च्या कायद्याने जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचं, हजेरी घ्यायची आणि गिरणीत राबवायचं, असा हा कारभार. ही तार इंग्रजांनी घातली हे खरं, पण तो कायदा देशभरातून जायला ३१ ऑगस्ट १९५२ ची वाट पाहावी लागली, आणि त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला, चांगला शिकलेला, नोकरीला लागलेला, पत्ता सेटलमेंटचा आहे एवढं कळताच भाड्याची खोली नाकारली गेली. आसपास चोरी झाली की त्याच्या काकांना अजून ‘जरा चौकशीला या’ म्हणून बोलावणं येतं. परत येतात तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत.

चौकशीच्या नावाखाली माणसाला मारहाण होऊ नये, यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार आहे. भारताने त्यावर १९९७ साली सही केली, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. सही करून ठेवायची आणि बांधून मात्र घ्यायचं नाही, ही रीत आपणही उचलली. २०१० मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं. राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेलं आणि पुढे बारगळलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात कराराला मान्यता द्या असं सांगितलं, सोबत विधेयकाचा मसुदाही जोडून दिला. तरी काही हललं नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेचे नियम घालून दिले आहेत, पण ते पाळले जातात की नाही हे चौकीच्या आत कोण पाहणार?

बड्या देशांचा दुटप्पीपणा उघडा पाडायलाच हवा, पण या सहीचा विषय काढला की ‘त्यांच्याकडे काय चाललंय ते बघा’ म्हणून जो हात झटकला जातो, तो मला मान्य नाही. सोलापूर आणि माढ्याच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात एवढंच विचारावं, की या कराराला मान्यता कधी देणार आणि त्यासाठीचा कायदा कधी आणणार? सरकार जे उत्तर देईल, ते आपण शब्दशः पहिल्या पानावर छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सोलापूर