उतारावर थांबलेल्या त्या दोघांना

रविवारी अभयारण्यातल्या खडीच्या उतारावर माझ्या सायकलचं मागचं टायर दगडाने चिरलं. ४० मिलिमीटर रुंदीचं ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवाय चालणारं, आत सीलंट हा भोकं बुजवणारा द्रव; पंक्चरची काळजी मिटली अशा भ्रमात मी होतो. पण सीलंट काट्याची भोकं बुजवतं, बाजूची चीर नाही. चिरेत खुपसलेला प्लगही (रबरी पट्टी) टिकेना. तेवढ्यात तुम्ही दोघं वरून आलात आणि मी हाक मारायच्या आधीच थांबलात.

ट्यूब घालण्याआधी तुम्ही टायरच्या आतून बोटं फिरवलीत. तब्बल सात काटे निघाले! सीलंटमुळे हवा जात नव्हती, म्हणून मला पत्ताच नव्हता. नवी ट्यूब मात्र लगेच गेली असती. मग चिरेखाली जुन्या टायरचा तुकडा ठेवलात, ट्यूब बाहेर फुगू नये म्हणून. असा तुकडा जवळ बाळगणारी माणसं असतात, हेच मला नवीन.

नावं विचारायची राहिली. (ट्यूबही देणं लागतो.)

आणि पायवाटेवर तिरके चर खणणारे जे कोणी आहात, तुमचेही आभार. पावसाचं पाणी त्यातून बाजूला जातं, म्हणून ती खडी अजून जागेवर आहे. चरांवरून दणके बसतात तेव्हा मी पूर्वी कुरकुरायचो. आता नाही. बरं, फारशी नाही.