सिलिंडर आणणाऱ्यांची नावं आपत्तीच्या यादीत हवीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

3 जून जवळ आला की आमच्या श्रीवर्धन तालुक्यातली माणसं येता-जाता आभाळाकडे बघू लागतात. 2020 साली त्या दिवशी ‘निसर्ग’ वादळ आलं. दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत. हे आकडे आम्हाला मागाहून कळले. त्या वेळी घरातली सात माणसं माजघरात भिंतीला पाठ लावून बसली होती आणि डोक्यावरची कौलं उडताना ऐकत होती. बाहेर आलो तर आगर ओळखू येईना. पोफळी मधोमध मोडून एकमेकींवर पडलेल्या, माड विहिरीवर आडवा. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती आणि पारावरचा वड मुळासकट उपटला गेला होता.

त्यानंतर एनडीआरएफचे जवान आले, परजिल्ह्यातून महावितरणची माणसं आली. त्यांचे फोटो छापून आले, सत्कार झाले. ते व्हायलाच हवे होते. पण ज्यांचं नाव कुठेच आलं नाही, अशा काही माणसांबद्दल मला लिहायचं आहे. ती म्हणजे आमच्याकडे गॅस सिलिंडर आणणारी मुलं, एजन्सीचा मेकॅनिक आणि पेट्रोलपंपावरचे कामगार.

स्वयंपाकघराची मागची भिंत शेगडीवर कोसळली होती. सिलिंडर चिऱ्यांखाली अडकलेला. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, “वास येतोय गो.” गळतीची तक्रार 1906 या नंबरवर करायची असते हे मला माहीत होतं, पण मोबाइलला रेंजच नव्हती. वीज नसल्यामुळे संध्याकाळी घराघरात चिमण्या आणि मेणबत्त्या लागत होत्या. दिवे नसलेल्या गावात गॅस गळणं किती भयंकर, ते मला त्या क्षणी कळलं.

दुपारी मेकॅनिक आणि टेम्पोवरचा मुलगा, दोघे चालत आले. कोणी बोलावलं नव्हतं, बोलावणार तरी कसं! मोठ्या रस्त्यापासून वाडीपर्यंत झाडं आडवी होती, ती ओलांडत आले. पिशवीत पाना, दोन नळ्या, वायसर आणि बाटलीत साबणाचं पाणी. दोघांनी हातांनी चिरे बाजूला केले, रेग्युलेटरची चावी बंद केली, तो काढला, सिलिंडर उचलून उघड्या खळ्यात नेला. तिथे रेग्युलेटर पुन्हा बसवून तोंडाशी साबणाचा फेस लावला आणि वाकून बघत राहिले. बुडबुडा आला. वायसर गेला होता. तो बदलून पुन्हा फेस लावला, बुडबुडा आला नाही, तेव्हा कुठे तो मुलगा हसला. “काकू, हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचून राहतो. आज रात्री या खोलीत काडी ओढू नका,” एवढं सांगून ते शेजारच्या घरात गेले. अंधार पडेपर्यंत त्यांनी आमची अख्खी वाडी पालथी घातली. त्या मुलाच्या स्वतःच्या घरावर एकही पत्रा उरला नव्हता, हे आम्हाला आठवड्याने समजलं. त्या दिवशी तो अवाक्षर बोलला नाही.

पुढे भरलेले सिलिंडर येऊ लागले, तेही खांद्यावरून. गॅस 14.2 किलो आणि लोखंडाचं वजन वेगळं, म्हणजे जवळजवळ 30 किलोचं ओझं घेऊन ओल्या बुंध्यांवरून चालायचं. फोन नसल्याने नंबर लावता येत नव्हता, म्हणून त्यांनी वहीत नावं लिहून घेतली. त्या एप्रिल ते जून सरकारच्या उज्ज्वला गॅस योजनेतल्या बायकांना तीन सिलिंडर मोफत होते, पण पैसे बँकेच्या खात्यात आणि बँकेला लाइन नाही. “मागाहून द्या,” म्हणून पोरांनी वहीत आकडा टाकला आणि सिलिंडर दारात ठेवला. हिशेब जुळला नाही तर भरपाई कोणाच्या पगारातून झाली असती, ते सांगायला नको.

पंपावर माझे दीर रांगेत होते. झाडं कापायच्या मशीनला पेट्रोल हवं होतं. पंप जनरेटरवर चालवत होते. पण विक्री सुरू करण्याआधी तिथल्या कामगाराने जमिनीखालच्या टाकीत मोजपट्टी सोडली, तिच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलतो का ते बघितलं. पावसाचं पाणी टाकीत उतरलं असेल तर ते अशाने कळतं. लोक ओरडत होते, तरी त्याने घाई केली नाही. पाणी मिसळलेलं पेट्रोल गेलं असतं तर गावातल्या मशीन आणि गाड्या एका दिवसात बंद पडल्या असत्या. डिझेल आधी दवाखान्याच्या आणि पाणीपुरवठ्याच्या जनरेटरला, मग बाकीच्यांना, हेही त्यानेच लोकांना हात जोडून पटवलं. तो पाच रात्री पंपावरच झोपला.

माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्याकडे पावसाळ्याआधी आपत्तीची बैठक होते. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, आशाताई, वायरमन सगळे असतात. गॅस एजन्सीच्या आणि पंपाच्या माणसांना मी तिथे एकदाही बघितलं नाही. त्यांना बोलवा. वादळानंतर पहिल्या दोन दिवसांत कोणत्या वाडीत गॅस तपासायला कोण जाणार, हे आधी ठरवा. त्यांना ओळखपत्र, हेल्मेट आणि चांगले बूट द्या. आणि विमा. मार्च 2020 मध्ये सरकारी तेल कंपन्यांनी जाहीर केलं होतं की घरोघर सिलिंडर पोहोचवणारा कामगार कोरोनाने दगावला तर कुटुंबाला 5 लाख रुपये मिळतील. साथीसाठी हे करता आलं, तर पडलेल्या तारांखालून सिलिंडर नेणाऱ्यासाठीही करता येईल. 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ आमच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाही हीच पोरं पुन्हा पिशवी घेऊन दारात उभी होती.

आमच्या घराला आता नवी भिंत आहे. टेम्पोवरचा तो मुलगा अजून सिलिंडर आणतो, आणि सिलिंडरची टोपी काढून फेस लावून दाखवल्याशिवाय जात नाही. येत्या मेमधल्या बैठकीला तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला पुढच्या खुर्चीवर बसवावं, यासाठी आपल्या पत्राने पाठपुरावा करावा ही विनंती.

आपली,
एक वाचक, ता. श्रीवर्धन, जि. रायगड