वेल झोपतो कधी?

कोलमार,
१९ सप्टेंबर

प्रिय दत्ता,

"वाइनचं कौतुक नको, बाग कशी आहे ते कळव," असा तुझा हुकूम. म्हणून आधी बाग.

काल इथून जवळच्या एगिसाइम गावाच्या उतारावर होतो. मांडव नाहीत, तारांवर बांधलेल्या उभ्या ओळी आणि तोडणी ऐन भरात. अल्सासमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या या जर्मनीलगतच्या मुलखात, पश्चिमेचा व्होझ डोंगर पाऊस अडवतो, आपला सह्याद्री अडवतो तसा. म्हणून कोलमार फ्रान्सच्या सगळ्यात कोरड्या शहरांत मोडतं. वेल कलमीच, खाली अमेरिकन खुंट. तुझ्या डॉगरिज खुंटाचे भाऊबंद म्हण. छाटणी मात्र वर्षाला एकच, तीही थंडीत. मी बागायतदाराला आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी समजावली. तो म्हणाला, "मग वेल झोपतो कधी?" म्हटलं, आमच्याकडे वेलही झोपत नाही आणि मालकही.

नंतर त्याने तळघरात नेऊन रीसलिंग द्राक्षाची वाइन पाजली. लिंबासारखी आंबट, मागाहून गारगोटी चाटल्यासारखी चव. मला आवडली. दुसरी गेवुर्ट्सट्रामिनर द्राक्षाची, म्हणजे गुलकंदच, एका घोटात पुरे झाली. बाटल्या सगळ्या उंच, निमुळत्या. १९७२ पासून इथल्या बिनफेसाच्या वाइनला तोच आकार सक्तीचा. लेबल फ्रेंच, द्राक्षांची नावं जर्मन, आणि या गड्याचंही तसंच: नाव फ्रेंच, आडनाव जर्मन.

त्याचं कारण तुला ठाऊक असेलच. १८७१ मध्ये जर्मनीने हा मुलूख घेतला, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनी, युद्ध संपता संपता पुन्हा फ्रान्स. शाळेत इतिहासात हे पाठ करून आपण मार्क मिळवले होते. त्याने मात्र भिंतीवरचा आजोबांचा फोटो दाखवला, जर्मन वर्दीतला. १९४२ पासून इथल्या पोरांना जबरदस्तीने जर्मन सैन्यात ओढलं. अल्सास आणि शेजारचं मोझेल मिळून सुमारे १,३०,००० जण. त्यांना 'मालग्रे-नू' म्हणतात, म्हणजे मनाविरुद्ध गेलेले. आजोबा परत आले. त्यांचा भाऊ नाही आला. एवढं सांगून त्याने माझा ग्लास पुन्हा भरला, मग मीही पुढे काही विचारलं नाही.

त्याआधी स्ट्रासबुर्गला एक युद्धस्मारक पाहिलं होतं, १९३६ चं. एक आई आणि तिच्यापाशी मरणारी दोन पोरं. दोघांच्या अंगावर कपडा नाही, म्हणजे वर्दीच नाही. कोण कुणाकडून लढला ते कळायची सोय नाही. खाली फक्त 'आमच्या मृतांस'. देशाचं नाव कोरायचं तर कोणत्या? फोटो काढायचा राहून गेला.

आणि एक गंमत, तुझ्या मुलाला सांग, रेल्वेचं वेड आहे ना त्याला. बाकी फ्रान्समध्ये गाड्या आपल्यासारख्या डाव्या रुळावरून धावतात, इथे उजव्या. जर्मन काळातली ती रीत अजून बदललेली नाही. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबरची सुट्टीही तशीच, उरलेल्या फ्रान्सला नाही. ती सोडायला कोण तयार होईल म्हणा!

जेवणाचं काय सांगू? पापडाएवढ्या पातळ पोळीवर साय, कांदा आणि डुकराचं मांस, भट्टीतून थेट लाकडी पाटावर. मी मांस बाजूला काढून खाल्लं, वाढणारी बाई बघतच राहिली.

बाटली आणत नाही, वहिनी मला घरात घेणार नाहीत. तुझ्यासाठी छाटणीची कात्री घेतली आहे, त्याच बागायतदाराने दुकान दाखवलं. पातं बदलता येतं. ऑक्टोबरच्या छाटणीआधी पोचतो.

तुझा,
अवि