डीएनएच्या गुंडाळीबद्दल सुहासला

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. दोन मीटर डीएनए सहा मायक्रॉनच्या केंद्रकात मावतो कसा, असं तू विचारलंयस. आधी मावण्याचाच हिशेब करू. माणसाच्या एका पेशीत साधारण ६४० कोटी बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या दुपदरी शिडीच्या पायऱ्या, असतात आणि दर जोडीला ०.३४ नॅनोमीटर लांबी लागते. गुणाकार दोन मीटरच्या थोडा वर जातो. पण धागा जेमतेम २ नॅनोमीटर जाड. त्याचं घनफळ भरतं सातेक घन मायक्रॉन आणि केंद्रकाचं ११३. म्हणजे शंभरातले सहाच भाग! जागेची टंचाई नाहीच मुळी.

अडचण वेगळी आहे. सगळं दहा हजार पट मोठं कल्पून बघ: सहा सेंटिमीटरचा चेंडू आणि त्यात वीस किलोमीटरहून जास्त, केसाहून बारीक धागा, तोही ४६ तुकड्यांत. त्याचा गुंता होऊ द्यायचा नाही, आणि हवा तो इंचभर भाग हव्या त्या वेळी सापडलाही पाहिजे. त्यात डीएनएच्या कण्यावर जोडीमागे दोन ऋणभार, त्यामुळे धागा स्वतःलाच दूर लोटतो.

पहिला उपाय हिस्टोन प्रथिनांचा. एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ प्रत्येकी दोन, अशा आठ रेणूंची एक चकती. तिच्याभोवती १४७ बेसजोड्या डावीकडे वळत पावणेदोन फेऱ्यांना किंचित कमी वेढे घेतात. हाच न्यूक्लिओसोम. एवढासा तुकडा एरवी ताठ राहतो, सहजी वाकत नाही. त्याला वळवायला चकतीवरचे धनभार १४ ठिकाणी पकडून ठेवतात. तरी ऋणभार जेमतेम निम्माच शमतो. उरलेला मॅग्नेशियम, पॉलिअमाइन (धनभारित छोटे रेणू) आणि बाहेरून टेकणारा एच१ हिस्टोन यांनी सांभाळायचा. दर २०० जोड्यांना एक धरला तर पेशीत तीन कोटींच्या वर न्यूक्लिओसोम होतात, आणि पेशी विभागण्याआधी तेवढेच नवे लागतात.

याचा पुरावा तुला जेलवर, म्हणजे विजेच्या ओढीने डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, बघता येतो. केंद्रकं बर्फावर ठेव, १ ते ३ मिलिमोलर कॅल्शियम घाल आणि मायक्रोकॉकल न्यूक्लिएज हे डीएनए कापणारं विकर (एन्झाइम) टाकून ३७ अंशांवर काही मिनिटं पचव. हे विकर चकत्यांमधला मोकळा धागा आधी कापतं. ईजीटीए घातलं की कॅल्शियम अडकतं आणि कापणं थांबतं. मग एसडीएस (साबणासारखं द्रव्य) आणि प्रोटीनेज-के (प्रथिनं पचवणारं विकर) यांनी प्रथिनं काढून दीड-दोन टक्के अॅगारोजच्या जेलवर चालव. साधारण २००, ४००, ६०० जोड्या अशी पट्ट्यांची शिडी दिसते. वर नुसताच डाग राहिला तर पचन कमी पडलं; खाली १४७च्या आसपास एकच पट्टा उरला तर जास्त झालं. म्हणून एक नळी न करता १, २, ५, १० मिनिटांच्या चार कर. केंद्रकं फुटली तर नळीत शेंबडासारखा चिकट गोळा होतो, पिपेटला तार येते. तो सरळ टाकून द्यावा. आणि विकर न घातलेली एक नळी ठेवायलाच हवी, कारण मरायला टेकलेल्या पेशी आपला डीएनए स्वतःच अशाच शिडीत कापतात.

पुस्तकांत यापुढे ३० नॅनोमीटरचा जाड, नीटनेटका दोर काढलेला असतो. माझं स्पष्ट मत: तो फळ्यावर काढू नकोस. नळीत विशिष्ट क्षारांमध्ये तो बनतो खरा, पण २०१७मध्ये माणसाच्या पेशींतलं क्रोमॅटिन (डीएनए आणि त्यावरची प्रथिनं मिळून) जागच्या जागी रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीची अस्ताव्यस्त साखळीच दिसली.

त्याऐवजी फास काढ. कोहेसिन हे कड्यासारखं प्रथिन धाग्यावर बसतं आणि धागा ओढत फास मोठा करत नेतं. डीएनएवर बसलेलं सीटीसीएफ प्रथिन समोर आलं की थांबतं, तेही सीटीसीएफ योग्य तोंडाने बसलं असेल तरच. त्यामुळे लाखो जोड्या लांबचा, जनुक चालू करणारा नियंत्रक तुकडा जनुकाजवळ येतो आणि शेजारच्या फासातल्या जनुकाला सहसा हात लावत नाही. दोन फासांमधली ही हद्द गेली तर जनुक शाबूत असूनही चुकीच्या हुकमाने चालू होतं. ईपीएचए४ जनुकाशेजारची हद्द तुटल्याने बोटांचे जन्मजात दोष होतात, हे २०१५मध्ये दाखवलं गेलं. कोहेसिनला धाग्यावर चढवणाऱ्या एनआयपीबीएल जनुकात बिघाड झाला तर कॉर्नेलिया डी लँग सिंड्रोम हा जन्मजात विकार होतो. विभाजनाच्या वेळी कोहेसिन बरंचसं उतरतं, कंडेन्सिन हे तसंच दुसरं प्रथिन सूत्रं हातात घेतं आणि तेव्हा कुठे तुझ्या ओळखीची गुणसूत्रं दिसतात.

क्रोमॅटिनची उघडझाप हिस्टोनच्या, चकतीबाहेर लोंबणाऱ्या शेपट्यांवर चालते. तिथल्या लायसिन या अमिनो आम्लावर असिटिल हा छोटा रासायनिक गट बसला की त्याचा धनभार जातो, पकड सैलावते. एच३च्या नवव्या लायसिनवर तीन मिथिल गट बसले की एचपी१ हे प्रथिन येऊन चिकटतं आणि तो भाग मिटतो. असे मिटलेले भाग बहुधा केंद्रकाच्या कडेला, लॅमिना या आतल्या अस्तराला टेकून असतात. शुक्रपेशीत मात्र बहुतेक हिस्टोन काढून प्रोटामिन ही वेगळी, छोटी प्रथिनं भरतात, कारण तिथे वाचायचं काहीच नसतं, नुसतं पोचवायचं असतं.

गुंता सोडवणारं टोपोआयसोमरेज-२ हे विकर राहिलं. ते एक दुपदरी धागा कापून दुसरा त्यातून पार करतं आणि परत सांधतं. कर्करोगावरचं औषध इटोपोसाइड नेमकं हे सांधणं अडवतं, म्हणून कापलेली टोकं तशीच राहतात आणि पेशी मरते. जेल झाल्यावर फोटो पाठव, पट्टे मोजून कळवतो.

तुझा,
अनिरुद्ध